रिस्टार्टकाका

"बाई, बंद करून चालू केला का?"

"तीनदा केला, काका. पण सुरू व्हायलाच इतका वेळ घेतो की तोवर माझी भाजी निवडून होते."

रिस्टार्टकाका हसले. हे नाव त्यांना बिल्डिंगनंच दिलं होतं, कारण कॉम्प्युटरच्या कुठल्याही दुखण्यावर त्यांचा पहिला इलाज तोच असे. नोकरीची शेवटची वर्षं त्यांनी कचेरीतले कॉम्प्युटर सांभाळण्यात काढली होती. निवृत्त झाले, मग बायको गेली, आणि तेव्हापासून बिल्डिंगमधला प्रत्येक रुसलेला प्रिंटर त्यांच्या वाट्याला आला. काम फुकट, वर गप्पाही फुकट.

गप्पांच्या नादात त्यांना वेळेचं भान राहत नसे. पण काम आटोपून ते जरा कुठे खुर्चीत रेलले की सूनबाईचा फोन यायचाच. "बाबा, चहा टाकतेय, या ना." मग चपला घालता घालता काका सांगायचे, "आमच्या सूनबाईला माझ्याशिवाय चहा जात नाही हो!" लोक हसायचे. काकांना ते हसू कौतुकाचं वाटायचं.

शिकवणीवाल्या बाई कुकर लावायला आत गेल्या. पीसी सुरू होताच गरज नसलेले ढीगभर प्रोग्रॅम जागे होत होते, ते काकांनी बंद केले.

"आणि इतक्या खिडक्या उघड्या कशाला ठेवता, बाई?" ते आत ऐकू जाईल असं ओरडले. "वारा येतो का त्यातून?"

एकेक खिडकी बंद करताना मेसेजची खिडकी समोर आली. मोबाइलवरचे मेसेज इथेही दिसावेत ही सोय बाईंना काकांनीच करून दिली होती. दुसऱ्याचं वाचू नये म्हणून ते ती बंद करणार, तोच सूनबाईचा फोटो दिसला आणि त्याखाली नवीन ओळ उमटली.

"झालं का काम? करू फोन?"

स्वयंपाकघरातून बाईंनी धाडलेलं उत्तरही लगेच आलं. "थांब, अजून करतायत. झालं की मिस्ड कॉल देते."

"हो, नाहीतर तासभर हलायचे नाहीत. वरच्या आजींकडे बसले होते तेव्हा मला फोन करायला उशीर झाला, तर बिचाऱ्या जेवायच्या राहिल्या." पुढे हसणारे चेहरे होते.

काकांचा हात माउसवर होता. वर सरकवलं असतं तर आणखी बरंच वाचायला मिळालं असतं. त्यांनी सरकवलं नाही. लोक कंटाळले, हे त्यांना समजलं असतं, लोक कंटाळतातच. पण बायको गेल्यावर घरात आपली वाट बघणारं कुणीतरी आहे, हे त्यांना त्या एका फोनवरून कळत होतं. तोच फोन त्यांना लोकांच्या घरातून उठवायला होता, आणि हे त्यांच्याखेरीज सगळ्या बिल्डिंगला माहीत होतं. घरच्याच माणसानं आपल्याला फसवलं, हे त्यांच्या मनाला फार लागलं.

त्यांनी खिडकी बंद केली आणि पीसी पुन्हा चालू केला. तो झटकन सुरू झाला.

"अय्या, केवढा फास्ट झाला!" बाई पदराला हात पुसत आल्या. एका हातात मोबाइल होता. "बसा ना काका, घाई काय आहे?"

काकांचा फोन वाजला.

"बाबा, चहा टाकतेय, या ना."

"आलो."

बाई नेहमीचं वाक्य ऐकायला हसऱ्या चेहऱ्यानं दारात थांबल्या होत्या. काकांनी चपला घातल्या. "अधूनमधून आतली धूळ काढून घेत जा," एवढंच म्हणून ते जिना चढू लागले.

घरी सूनबाईनं खरंच चहा टाकला होता. कप पुढे ठेवत तिनं विचारलं, "काय झालं होतं बाईंच्या पीसीला?"

"विशेष काही नाही."

"बरं, तळमजल्यावरच्यांचा प्रिंटर कागद ओढत नाहीये म्हणे. उद्या जाल?"

"जाईन की." काकांनी एक घोट घेतला. "फक्त तू फोन करू नकोस. काम झालं की मी आपणहून उठेन."

सूनबाईच्या हातातली गाळणी तशीच राहिली. "बाबा, तसं नव्हतं हो..."

"चहा चांगला झालाय," काका म्हणाले. कप संपवून ते उठले आणि तो विसळायला सिंकपाशी गेले. आजवर तिनं त्यांना कधी कप विसळू दिला नव्हता. आज ती बाजूला सरकली.