उतरतं झाकण

मागची स्कूटर पुरती थांबलीही नव्हती, तोच मास्तरांची बायको तिच्यावरून उतरून ओरडू लागली, "उजवीकडचे तीन दोरे नाचतायत! बाकीचे गुपचूप पडलेत."

मास्तरांनी पिकअप रस्त्याच्या कडेला घेतली आणि खाली उतरले. हौद्यावर त्यांनी प्लायवूडचा सांगाडा ठोकून वर पातळ पत्रा बसवला होता. केबिनच्या टपापासून मागच्या फळीपर्यंत उतरत जाणारं ते झाकण होतं. त्यावर चिकटपट्टीने लोकरीचे पन्नासेक दोरे लावले होते. दोरा पत्र्याला चिकटून राहिला तर वारा सरळ सरकतोय, नाचला तर तिथे घोटाळतोय, इतकं साधं गणित.

"दाजी, उतार जास्त झालाय," स्कूटर चालवणारा मेहुणा म्हणाला. तो वेल्डर होता. "की गाडीचं कासव करायचंय?"

"कासव डिझेल पीत नाही," मास्तर म्हणाले आणि पट्टी काढून मापं घेऊ लागले.

मास्तर हे नाव त्यांना शिकवण्यावरून पडलं नव्हतं, शिकवायच्या हौसेवरून पडलं होतं. चौदा वर्षं ते रंगाच्या गोदामाची पिकअप चालवत होते आणि विचारणाऱ्याला, न विचारणाऱ्यालाही इंजिनाच्या पोटातलं समजावून सांगत होते. आता मालकाने सुनावलं होतं, "लिटरला साडेनऊ किलोमीटर म्हणजे फारच कमी, मास्तर. दोन महिन्यांत बाराचं अ‍ॅव्हरेज काढून दाखवा. नाहीतर गाडी विकतो, माल कंत्राटावर पाठवतो." गाडी गेली की ड्रायव्हरही गेला. छपन्नाव्या वर्षी दुसरं कोण दारात उभं करणार होतं?

म्हणून चार रविवार तिघंही त्या झाकणामागे लागले होते. उतार कमी केला, टोक वीतभर लांबवलं, फटींना जुन्या फ्रिजच्या दाराचं रबर लावलं. शेजारचे येता-जाता दात काढत. पण पाचव्या रविवारी एकही दोरा नाचला नाही, तेव्हा बायकोने भर रस्त्यात टाळ्या वाजवल्या.

मग चाचणीच्या तीन फेऱ्या झाल्या. टाकी काठोकाठ भरायची, ऐंशी किलोमीटर जायचं, परत यायचं, पुन्हा काठोकाठ भरायची. झाकण कुठे वाजतंय का ते ऐकायला बायको शेजारी बसली. तिची कंबर धरलेली असायची, तिने उशी घेतली आणि निघाली. चौदा वर्षांत ती त्या सीटवर पहिल्यांदाच बसत होती. कंपनीच्या गाडीत घरचं माणूस नको, असं मास्तरांचं तत्त्व होतं.

अ‍ॅव्हरेज बरोबर बारा आलं.

मालक इतका खूश झाला की म्हणाला, "बाकीच्या तीन गाड्यांनाही बसवा. मेहुण्याला सांगा कामाला लागायला." मास्तर त्या दिवशी घरी आले ते हवेत तरंगतच.

पुढच्या आठवड्यात रोजचं काम सुरू झालं. एकट्याने पाच दिवस गाडी चालवून त्यांनी हिशेब केला, तर दहा! चाकांतली हवा पाहिली, रबर पाहिलं, पुन्हा दोरे लावून पाहिले. सगळं जागच्या जागी होतं.

"मी नव्हते, एवढाच काय तो फरक," बायको पोळी लाटता लाटता हसली.

मास्तरही हसले. मग हसायचे थांबले. दुसऱ्या दिवशी त्यांनी झाकण चक्क उतरवून ठेवलं आणि तिला शेजारी बसवून तीच फेरी केली. साडेअकरा आलं.

म्हणजे झाकण अर्ध्या किलोमीटरचं. बाकी दोन तिच्या कंबरेचे. ती शेजारी असली की त्यांचा काटा पन्नासच्या वर जात नव्हता, चढाच्या आधीच पाय हलका होत होता, खड्डा दुरूनच दिसत होता.

"म्हणजे चौदा वर्षं तुम्ही मला शेजारी बसवायला हवं होतं," ती म्हणाली. ती चेष्टेत बोलली होती, पण मास्तरांना ते लागलं.

मेहुण्याने हात जोडले. "दाजी, तोंड उघडू नका. तीन गाड्यांचं काम आहे. कोण बघायला जातंय?"

पण मास्तरांना राहवलं नाही. उभ्या जन्मात कुणाला चुकीचं समजावून सांगितलं नव्हतं, ते आता कसं सांगणार? मालकासमोर उभं राहून त्यांनी सगळं सांगून टाकलं.

"मग पन्नासनेच चालवा ना," मालक म्हणाला.

"चालवीन. पण चाचणीत वेळेचं बंधन नव्हतं. रोजच्या कामात पन्नासने गेलो, तर तीन दुकानांना माल पोचणार नाही."

मालकाने हातातलं पेन खाली ठेवलं. "गप्प राहिला असतात, तर मला कळलंही नसतं."

"मला कळलं होतं ना, साहेब."

हात दाखवून अवलक्षण, असं मेहुणा पुढे आठवडाभर म्हणत राहिला. गाडी एका रोपवाटिकावाल्याने घेतली. त्याला उंच झाडं न्यायची होती, झाकण नको होतं. गाडी त्याच्या गावी पोचवणं हे मास्तरांचं शेवटचं काम ठरलं.

सकाळी ते निघाले, तर बायको उशी घेऊन दाराशी तयार.

"कंपनीच्या गाडीत..." मास्तर सुरुवात करत होते.

"आता कुठली कंपनी?" म्हणत ती चढून बसली.

वाटेत ट्रक गेले, बसगाड्या गेल्या, एक ट्रॅक्टरवाला हॉर्न वाजवून पुढे गेला. मास्तरांनी सगळ्यांना वाट दिली. तिने एकदा तळं दाखवलं, त्यांनी एकदा कुठला चहा बरा असतो ते सांगितलं. मास्तरांचे डोळे मधूनच भरून येत होते आणि ते ऊन लागतंय म्हणून टोपी पुढे ओढत होते.

रोपवाटिकेची पाटी दिसली. फाटकात नवा मालक उभा होता. त्याने हात वर केला.

"अहो," ती म्हणाली, "थोडं पुढे जाऊन येऊ या?"

डिझेलच्या थेंबाथेंबासाठी दोन महिने जिवाचं रान केलेल्या मास्तरांनी आरशात पाहिलं, त्या माणसाला हाताने थांबा अशी खूण केली आणि गाडी सरळ पुढे नेली.