बुजता बुजता राहिलेली खिडकी

मी मागच्या खोलीची खिडकी बोलतेय. घरात आता त्या खोलीला 'थिएटर' म्हणतात, आणि थिएटरमध्ये खिडकीचं काय काम, असं तुमच्याही मनात आलं असेल. चष्मेवाल्याच्या मनात तेच आलं होतं. पण मी अजून भिंतीत आहे, उघडते आणि मिटते, एवढं आधीच सांगून टाकते. उगीच तुमचा जीव टांगणीला लावायची मला हौस नाही. माझा लागला होता, तेवढा पुरे.

मला एका अबोल सुताराने घडवलं. बाहेर उघडणाऱ्या दोन झडपा, एकेकीत तीन काचा आणि आतल्या बाजूने पाच गज. भिंतीत बसवल्यावर त्याने मला वीसेक वेळा उघडून मिटून पाहिलं, कडी पाडली, वर केली, आणि म्हणाला, "बरी झाली." त्याच्या तोंडून याहून मोठं कौतुक कधी निघालं नाही, असं मागाहून कळलं.

मला कोणी काही शिकवलं नाही. जे आलं ते पुढच्या गल्लीकडे बघून आणि पाठीमागच्या खोलीचं ऐकून. दाराशी माणसं कामाचं बोलतात, जेवणाच्या टेबलाशी शहाणपणाचं. खिडकीशी आली की बाहेर बघत मनातलं बोलतात. हे कुठल्या पुस्तकात असेल तर असो, मी ते स्वतःहून शिकले.

घराचा मालक चष्मेवाला. चौकात त्याचं चष्म्यांचं दुकान आहे. दुसऱ्याच्या डोळ्यांतला पाव नंबरचा फरक त्याला चटकन कळतो, स्वतःच्या नाकासमोरची किल्ली मात्र बायकोने हातात द्यावी लागते. त्याचा मुलगा माझ्या कट्ट्यावर बसून अभ्यासाचं सोंग करायचा. तो मोठा झाला, लग्न होऊन वरच्या मजल्यावर गेला, आणि ही खोली अडगळीची झाली. रिकाम्या बॅगा, गाद्या, आणि घरात ज्यावर कधी कोणी पळालं नाही असं एक पळायचं यंत्र. रंगाऱ्याने तर मला न उघडताच बाहेरून रंग फासला. माझे सांधे चिकटले. चार वर्षं मी मिटलेली राहिले, आणि कोणाला पत्ता नाही.

मग एक दिवस चष्मेवाला खोलीच्या मधोमध उभा राहिला आणि म्हणाला, "इथे थिएटर करायचं. फक्त सिनेमा. दुसरं काही नाही."

"म्हणजे ते पळायचं यंत्र माझ्या स्वयंपाकघरात येणार," बायको म्हणाली.

"अगं, चौघं चार कोपऱ्यांत चार पडद्यांना डोळे लावून बसतो आपण. एकाच वेळी एकाच गोष्टीला हसलो कधी शेवटचे?"

ती वाकून यंत्राचं एक टोक उचलायला लागली. मलाही तो पहिल्यांदाच बरा वाटला.

आठ महिने तो त्या खोलीत राबला. दुकान बंद करून आला की टेप घेऊन भिंती मोजायचा. छत काळं केलं. भिंतींवर कापड मढवलेल्या जाड फळ्या लावल्या, आवाज घुमू नये म्हणून. दाराच्या कडेने रबराची पट्टी ठोकली. खाली गालिचा, वर प्रोजेक्टर, कोपऱ्यात खर्जातला आवाज काढणारा भला मोठा डबा. एक स्पीकर बोटभर सरकवायचा, पळत येऊन खुर्चीत बसून ऐकायचा, पुन्हा उठायचा. एवढी माया मी कोणाला माणसांवर करताना पाहिली नाही.

आणि मग त्याची नजर माझ्यावर गेली.

"उजेड येतो, गल्लीचा आवाज येतो. ही बुजवून टाकू." माझ्यासमोर म्हणाला, तोंडावर! गवंड्याला महिनाभर सवड नव्हती, म्हणून तोवर प्लायवूड. सुतार आला. माझा जुना नव्हे, दुसराच, तोंडाने गाणी म्हणणारा. त्याने गजांवर लोकरीचे गठ्ठे दाबले, वर प्लाय ठेवला आणि सोळा स्क्रू पिळले. आता पुढे माझी गल्ली आणि पाठीमागे मिट्ट अंधार. गवंडी पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी येणार होता. मी दिवस मोजायला लागले.

पहिल्या रविवारी दुपारी तीनला सिनेमा सुरू झाला. तो डबा असा घुमला की माझ्या काचा थरारल्या. प्लायच्या पलीकडचं सगळं ऐकू येत होतं. अर्ध्या तासाने जांभया ऐकू आल्या, पाऊण तासाने घोरणं. आधी बायको, मग मुलगा, मग सून. सून घोरते हे त्या घरात तोवर कोणालाच माहीत नव्हतं.

दिवे लागले. "झोपलात?"

"छे हो, डोळे मिटून ऐकत होते," बायको म्हणाली.

दुसऱ्या रविवारी त्याने मारामारीचा सिनेमा लावला. बंदुकांच्या आवाजात तिघं गाढ झोपली. तिसऱ्या रविवारी दोष खुर्च्यांना दिला. मऊ खुर्च्या बाहेर, लाकडी आत. सुनेची मान आखडली, झोप मात्र लागलीच. चौथ्या रविवारी जेवण अर्धं केलं. उपाशीपोटी झोपली, एवढाच फरक. मधल्या एका बुधवारी तो एकटाच बसला, आणि पडद्यावर पाठलाग चालू असताना स्वतःच घोरू लागला. हे त्याने कोणाला सांगितलं नाही. आता मी सांगितलं.

चौथ्या रविवारी सगळी डोकं धरून बाहेर गेल्यावर तो आत एकटाच राहिला. पडद्याला म्हणाला, "नाही आवडत तर सरळ सांगा ना. माझ्यासाठी कशाला बसता?"

माझ्या मरणाची तारीख ठरवणारा तो, आणि जीव माझाच कासावीस झाला. माणसांचं हे असं असतं, धड रागावूही देत नाहीत.

पण दुसऱ्या दिवशी तो सुताराला फोनवर सांगत होता, "त्या खिडकीमुळेच होतंय. बाहेरच्या आवाजाने लक्ष उडतं लोकांचं." लक्ष उडालेली माणसं घोरत नसतात, हे त्याला कोण सांगणार? मला बोलता येतं, पण ऐकतं कोण!

पाचवा रविवार. उजाडल्यावर सोमवार, म्हणजे गवंडी. त्या दुपारी त्याची थोरली बहीण आली, आक्का. पस्तीस वर्षं इस्पितळात परिचारिका होती, डॉक्टरांनाही उभं करून विचारायची. चष्मेवाल्याने तिच्यासाठी पहिल्या रविवारचाच सिनेमा पुन्हा लावला, कारण त्याचा शेवट घरात दुसऱ्या कोणी पाहिलेलाच नव्हता.

वीस मिनिटं झाली असतील. आक्काचा आवाज आला, "दिवा लाव."

"आक्का, आत्ताच तर रंगात—"

"दिवा लाव म्हणते ना. किती जण आहोत आपण?"

"पाच."

"दार?"

"घट्ट. रबर लावलंय. मुंगी शिरायची नाही."

"आणि हवा कुठून शिरते?"

"एसी आहे की!"

"अरे शहाण्या, तो तीच हवा गार करून परत तुझ्या तोंडावर सोडतो. पाच जणांची उष्टी हवा तासन्‌तास ओढताय. झोप येईल नाहीतर काय? माझंही डोकं जड झालं. ही बघ, तुझ्या बायकोचं तोंड आत्ताच उघडं पडलंय."

"वन्सं, मी जागी आहे," बायको झोपेतच म्हणाली.

 चष्मेवाल्याने लहान मुलासारखं विचारलं, "म्हणजे... सिनेमे वाईट नव्हते?"

"सिनेमा बघायला कोणी शुद्धीवर होतं का? इथे खिडकी होती ना रे एक?"

माझ्या सहाही काचा कान झाल्या. तो धावत जाऊन पेचकस घेऊन आला. "हा चष्म्याचा!" आक्का ओरडली. "याने काय माझा दात काढतोस? मोठा आण." मुलाने मोठा आणला. सोळा स्क्रू, मी एकेक मोजला. प्लाय उतरला, लोकर निघाली, आणि पाठीवर खोलीतला दिवा पडला. पण मी हलेना. चार वर्षांचा रंग! बहीणभावांनी गजांतून हात घालून तळवे टेकवले. आक्का म्हणाली, "नुसता हात नको ठेवू, जोर कर, लहानपणी करायचास तसा." मी माझ्याकडून होतं नव्हतं ते बळ लावलं. कडकन रंग तडकला आणि दोन्ही झडपा गल्लीत जाऊन आदळल्या.

हुश्श! ती हवा माझ्यातून आत गेली तेव्हाचं सुख मला सांगता यायचं नाही. बायको उठून आली, गजांना कपाळ लावून उभी राहिली. "अहो, डोकं उतरलं हो माझं!"

मला मिटायचं कोणाला सुचलंच नाही. उजेडाने पडद्यावरचं चित्र फिकं पडलं, गल्लीत कोणाची तरी सायकल करकरत गेली, चष्मेवाल्याचा चेहरा पिळवटला. पण मागून घोरणं आलं नाही. आणि शेवटाला पाचही जणं एकदम हसली.

"असा शेवट आहे होय याचा?" बायको डोळे पुसत म्हणाली. "मी आपला मनाने दुसराच केला होता!"

सोमवारी सकाळी गवंडी थापी आणि विटा घेऊन हजर. चष्मेवाला माझ्या पुढ्यात उभा राहिला. "विटा परत न्या. ही राहू दे."

"थिएटरला खिडकी?" गवंडी म्हणाला.

"तिकिटाची समजा."

गाणाऱ्या सुताराने माझे सांधे घासून तेल घातलं आणि आतून एक जाड, लोकर भरलेलं झाकण बिजागऱ्यांवर बसवलं. सिनेमा चालू असताना ते बंद असतं, दाराचीही एक फट आता मोकळी ठेवतात. आणि चष्मेवाल्याने मध्यंतर सुरू केलंय. बरोबर अर्ध्यावर सिनेमा थांबतो, झाकण उघडतं, मी उघडते. दहा मिनिटं सगळी माझ्यापाशी उभी राहून पुढे काय होणार यावर भांडतात. बायकोचा अंदाज नेहमी चुकतो आणि ती दर वेळी पैज लावते.

मी म्हातारी झालेय, एका काचेला तडा आहे. तक्रार नाही. पण तुम्हीही कुठली खोली एकाच हौसेसाठी बंद करणार असाल, तर खुशाल करा, फक्त भिंत घालण्याआधी आत तासभर पाच माणसं बसवून बघा. आणि ती झोपली तर त्यांच्या प्रेमावर शंका घेऊ नका, आधी खिडकी उघडा.

पुरे आता माझं पुराण. आत मध्यंतर झालंय, झाकणाची कडी वाजली. तुम्ही बाहेर अगदी माझ्या तोंडाशी उभे आहात. सरका बघू जरा, लागेल.