चटईखालचा विली

तिरेसाच्या नाटकांतली माणसं अशी असत, की एकाचा अंगरखा काढून दुसऱ्याच्या अंगात घातला तरी कुणाच्या ध्यानात येऊ नये. सज्जन सरदार, रडणारी आई, पश्चात्तापी मुलगा. शेवट ठरलेला. अपराधी मुलगा मानाची चटई डोक्यावरून पांघरून दुखावलेल्या घराच्या दारात बसे. घरचे येऊन ती उचलत, की माफी झाली. सामोआत खऱ्या अपराधालाही हीच रीत. पण चटई उचलेपर्यंत प्रेक्षक केळ्याचे काप संपवून चपला शोधायला लागलेले असत.

"अगं, चटईखाली अळकुड्यांचं पोतं ठेवलंस तरी चालेल," महिला मंडळाची प्रमुख फाआपो म्हणाली. ती तिरेसाची चुलत बहीण, म्हणजे टोचायचा हक्क जन्मजात. "यंदाच्या गावोगावच्या स्पर्धेत हरलो, तर पुढचं नाटक पाद्रीबाईंचा भाचा लिहील. बैठकीत ठरलंय."

तिरेसाला झोंबलं. खरं होतं, म्हणून जास्तच.

मग तिने विली लिहिला. केसांना तेल चोपडून मिरवणारा, चर्चमध्ये बेसूर पण सगळ्यांत मोठ्याने गाणारा. सगळ्यांत मोठा मासा स्वतःला ठेवायचा आणि मग स्वतःवरच चिडून तो लंगड्या मावशीच्या अंगणात फेकून पळायचा. हाच विली शेजाऱ्यांची होडी न विचारता नेतो, इंधन भरपूर आहे अशी थाप मारतो, आणि बरोबर गेलेला शेजाऱ्यांचा मुलगा परत येत नाही. शेवटी विली चटईखाली बसतो, पण मुलाचा बाप ती उचलत नाही. नाटक तिथेच संपतं.

परीक्षकांत शेजारच्या गावची म्हातारी मातालेना होती. गुण देताना तिचा हात असा आखडे, जणू ते तिच्या घरच्या डुकरांतून वजा होणार आहेत. माफीच्या बाबतीतही तीच काटकसर.

चर्चच्या आवारात नाटक रंगलं. विलीच्या तेलाला हशा पिकला. होडी निघाली तेव्हा मागून कुणीतरी ओरडलं, "अरे लबाडा, टाकी बघ आधी!" पुढे चटई आली, आणि बापाने पाठ फिरवली. केळ्याचे काप कुणी खाईना. आता पडदा पडायचा.

मातालेना उठली. काठी टेकत थेट मंचावर गेली.

"या घरात माणसं राहतात की खांब?" तिने बापाचं काम करणाऱ्या नटाला झापलं. मग वाकून स्वतःच्या हाताने चटई उचलली. "ऊठ रे. गेलेला पोरगा तुझ्याने परत यायचा नाही. पण उद्यापासून त्याच्या आईचं पाणी तू भरायचंस. आणि ते तेल बंद!"

"होय, आजी," विली म्हणाला. तो रडत होता, आणि ते रडणं तिरेसाने लिहिलेलं नव्हतं.

उरलेल्या परीक्षकांनी डोकी एकत्र केली. शेवट झालाच नाही, सबब नाटक बाद.

"बाद?" फाआपो उभी राहिली. "तुमच्याच परीक्षकीणबाईंनी साऱ्या गावांदेखत माफी दिली. ती बाद करून दाखवा आधी!"

मातालेनाने काठी आपटली. माफी कायम राहिली. बक्षीस मात्र शेजारच्या गावाला गेलं.

"हरलो की आपण," परतताना फाआपो म्हणाली.

"हरलो," तिरेसा म्हणाली. मान इतकी ताठ, की नारळ ठेवला असता तरी पडला नसता.

"पाद्रीबाईंच्या भाच्याला मी सांगते, तू गाणंच म्हण बाबा. नाटक मात्र, तिरेसा, तूच लिही." चार पावलं गेल्यावर फाआपोने आवाज उतरवला. "पण काय गं, विली तसा वाईट नाही. पुढच्या वर्षी त्याचं लग्न कर ना. माझ्या नणंदेसारखी एखादी खमकी मुलगी लिही."

"बघू," तिरेसा म्हणाली. "त्याला पसंत पडली पाहिजे."