उतारावरची गुणगुण

मी एक जुना ट्रक आहे, आणि मी काच वाहतो. मित्रांनो, माझ्या दारांवरचा निळा रंग पोपडे धरून निघू लागला आहे, हौद्याच्या फळ्या कितीदा तरी बदलून झाल्या आहेत आणि डाव्या आरशाला तडा गेला आहे. तरी मी अजून कामावर आहे. खिडक्यांची काच, दुकानांच्या दर्शनी भागाची काच, कधी कधी माणसापेक्षाही उंच अशी काच माझ्या पाठीवर लाकडी चौकटीला टेकवून तिरपी उभी करतात. दोन काचांच्या मध्ये गोणपाट घालतात. असे ओझे पाठीवर असले की खड्ड्यातून सुद्धा पाय न वाजवता जावे लागते.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. आधी लोखंडी सांगाडा, मग त्याखाली पुढचा आणि मागचा एक्सल, मग इंजिन, आणि सगळ्यात शेवटी डोक्यावर टोपी ठेवावी तशी केबिन. माझ्या मागच्या एक्सलच्या पोटात दातेरी चक्रे आहेत. इंजिनाकडून एक लांब दांडा येतो, तो एक्सलच्या नाकातून आत शिरतो आणि ही चक्रे फिरवतो. मग मागची चाके फिरतात. हे नाक घट्ट हवे, पण फार घट्ट नको. माझ्या पुढच्या हकिगतीसाठी एवढे लक्षात ठेवा.

माझे मालक मोजके बोलणारे होते. चढावर ते अगदी गप्प असत. उतार लागला, ॲक्सिलरेटरवरचा पाय सुटला, की मात्र ते गुणगुणू लागत. त्याला ना शब्द होते ना नाव. वर चढून हळूहळू खाली येणारी एकच चाल, मध्येच एक बारीकसा खोकला, आणि पुन्हा तीच चाल. पाठीवरच्या काचाही थरथरून त्यांना साथ देत.

त्यांच्या शेजारच्या जागेवर बसून त्यांची एकुलती मुलगी मोठी झाली. मालक तिला चिमणी म्हणत. पुढे ती अंगापिंडाने चांगली थोराड झाली, माझे स्टिअरिंग एका हाताने वळवू लागली, तरी नाव चिमणीच राहिले. काचेच्या कारखान्याच्या फाटकावरचा चौकीदार तिला हसून म्हणे, "चिमणीबाई, फाटक मोडाल हं!" आमचे दिवस चांगले चालले होते.

मग माझ्या एक्सलच्या नाकातून तेल गळू लागले. अंगणात मी उभा राहिलो की खाली काळा डाग पडे. ओळखीचे मिस्त्री बाहेरगावी गेले होते.

"सील तर बदलायचं आहे," मालक म्हणाले. "घरीच करतो."

"तुम्हाला जिना चढताना दम लागतोय आणि गाडीखाली कशाला शिरताय?" मालकीणबाई म्हणाल्या.

"तू बॅटरी धर. बोलणी नंतर दे."

त्यांनी दांडा सोडवला, नाकावरचा मोठा नट काढला, तेल अडवणारे जुने सील उचकटून नवे ठोकून बसवले. नट आधी किती आवळलेला होता, त्याची खडूने केलेली खूण तेलाने केव्हाच पुसून गेली होती. आता सगळे अंदाजाने करायचे होते. मालकांनी पान्याला लांब पाइप जोडला आणि त्यावर अंगाचा भार टाकला. त्यांचा श्वास भात्यासारखा वाजत होता.

"पुरे की आता," मालकीणबाई म्हणाल्या.

"अजून एक पीळ."

तो पीळ बसला तेव्हा माझ्या नाकातले, दांड्याला फिरता आधार देणारे बेअरिंग आत आवळले गेले. कोणी गळा धरावा तसे मला झाले. पण मला तोंड कुठे आहे? मालकांनी एक्सलवर पंजा टेकला आणि तसेच बसून राहिले. त्याच आठवड्यात ते झोपेतच गेले. दुरुस्तीनंतर मला चालवून पाहायचेही राहून गेले.

पुष्कळ दिवस मी अंगणात उभा होतो. मग एका सकाळी चिमणीने दार उघडले, सीट पुढे ओढून घेतली आणि मला रस्त्यावर काढले. तिची आई, म्हणजे मालकीणबाई, शेजारी बसली होती. रस्ता मोकळा होता, ऊन कोवळे होते. पहिला चढ आम्ही निमूटपणे चढलो. उतार आला. चिमणीने पाय उचलला.

आणि मागून गुणगुण ऐकू आली.

चाल तीच होती. वर चढणारी, हळूहळू खाली येणारी. चिमणीचे हात स्टिअरिंगवर गोठले. आईने डोक्यावरचा पदर हळूच मागे सारला आणि कान दिला.

"ऐकतेयस?" आई म्हणाली.

चिमणीने आरशातून मागे पाहिले. उतार संपला, पुन्हा पाय दाबला गेला, आणि आवाज विरून गेला.

कारखान्याच्या अलीकडे रस्ता खोलगट आहे. आम्ही तो उतरून फाटकाशी आलो. चौकीदार पलीकडून साखळी सोडत होता, त्याला केबिन दिसत नव्हती. तो आतूनच ओरडला, "या मालक! लांबूनच ओळखलं. आज गाणं म्हणतच आलात!" फाटक उघडून तो हसत खिडकीशी आला आणि वर पाहताच त्याचे हसू मावळले. मालक गेल्याचे त्याला माहीत नव्हते. चिमणीने सांगितले. तो दोन पावले मागे सरला, आणि आम्ही आत जाईपर्यंत माझ्या मागच्या चाकांकडे बघत राहिला.

तेव्हापासून आई रोज येऊ लागली. चढावर ती डोळे मिटून बसे. उतार लागला की म्हणे, "हो, हो, ऐकतेय मी." घरी ती मालकांविषयी एक अक्षर काढत नसे. त्यांचे कपडे खुंटीवर तसेच होते, चष्मा खिडकीत होता. आईचे सगळे बोलणे माझ्या उतारांवर होई.

मित्रांनो, मी घाबरलो होतो. आवाज माझ्याच अंगातून येत होता, पण तो माझा नव्हता. माझ्या नाकात काहीतरी जळत होते, झिजत होते, हे मला कळत होते. पण तीच चाल का? बेअरिंग घरघरते, किंचाळते. चाल लावून ते कसे गाईल?

अखेर मिस्त्री गावी परतले आणि चिमणी मला त्यांच्याकडे घेऊन गेली. आई घरी होती.

"आधी टायर बघू," मिस्त्री म्हणाले. त्यांनी मागचे टायर पुढे आणि पुढचे मागे घातले. गुणगुण जागची हलली नाही. उतारावर गिअर काढून पाहिला. आवाज इंजिनाबरोबर बदलला नाही, चाकांच्या वेगाबरोबर वरखाली झाला. मग त्यांनी माझे मागचे अंग उचलून लोखंडी स्टँडवर ठेवले, चिमणीने इंजिन चालू केले, चाके हवेत फिरू लागली. मिस्त्रींनी एक लांब सळई घेतली. तिचे एक टोक एक्सलला टेकवायचे आणि दुसरे कानाशी धरायचे. चाकांजवळ शांत होते. मधल्या पोटाशी थोडी कुजबुज होती. सळई नाकाला टेकली. चिमणीने ॲक्सिलरेटर सोडला.

मिस्त्री ऐकत राहिले. एकाएकी त्यांनी सळई झटक्याने दूर केली आणि तिच्या टोकाकडे बघितले.

"काय झालं काका?"

"काही नाही. नाकातलं बेअरिंग आहे. उघडायला लागेल."

त्यांनी काय ऐकले ते मला ठाऊक आहे. चालीच्या मध्येच एक बारीकसा खोकला आला होता. त्याविषयी ते कधी कोणाशी बोलले नाहीत.

घरी आईने ऐकून घेतले आणि ताट बाजूला सारले. "उघडायचं नाही."

"आई, बेअरिंग गेलंय."

"त्यांनी शेवटचं काम केलं ते. स्वतःच्या हाताने. ते उसकटू नकोस. आणि एकदा उघडलंस की मग..."

चिमणीला आईचे मन मोडवेना. मिस्त्रींनी गाडी काढू नकोस म्हणून बजावले होते, तरी दुसऱ्या सकाळी काच भरून आम्ही निघालो. आई शेजारी होतीच. डोंगरावर धुके होते. दिव्यांच्या पुढे चार हात रस्ता दिसे, बाकी सगळे पांढरे. मोठा उतार सुरू झाला. गुणगुण सुरू झाली, आणि आज ती फार जवळून येत होती, जणू सीटच्या पाठीमागून. पाठीवरच्या काचा त्याच सुरात वाजू लागल्या. सूर चढत गेला. नेहमी जिथून तो खाली येई, तिथे तो खाली आला नाही. वरच चढत राहिला.

आणि तुटला.

चाकांखालच्या रस्त्याची सळसळ तेवढी उरली.

"गप्प का झाले?" आई म्हणाली. "काय गं, गप्प का झाले ते?"

चिमणीच्या नाकाला जळक्या तेलाचा वास लागला. माझे मागचे अंग जखडत चालले होते, चाके अडखळत होती. तिने घाई केली नाही. हलके ब्रेक देत देत मला कडेच्या मुरमावर घेतले, खाली उडी मारून चाकांना दगड लावले. काचांपैकी एकही हलली नाही.

एक्सलच्या नाकातून धूर निघत होता. आई वाकली आणि चिमणी नको म्हणेपर्यंत तिने त्यावर हात ठेवला. चटका बसला तसा तिने हात पोटाशी धरला.

"आई, बघू हात," चिमणी म्हणाली. मग तिचा बांध फुटला. "हे बाबा नाहीत गं. बाबांनी आपल्याला अशा उतारावर कधी आणलं असतं का? भरलेल्या गाडीत, धुक्यात? तूच सांग."

आईने भाजलेला हात पदरात गुंडाळला.

"नसतं आणलं," ती म्हणाली. "उघड."

मिस्त्री दुसरी गाडी घेऊन आले आणि मला ओढून नेले. नाक उघडले तेव्हा बेअरिंगचे रूळ जळून निळे पडले होते, तेलात लोखंडाचा चुरा चमकत होता.

"नट फार आवळला गेलाय," मिस्त्री म्हणाले.

"पाइप लावून आवळला त्यांनी," आई म्हणाली. "मी पुरे म्हणत होते. हात चुकला का हो त्यांचा?"

"वहिनी, दम लागलेल्या माणसाला आपल्या हाताचा जोर कळत नाही. तो बरा असता तर त्याच्याकडून हे झालं नसतं." त्यांनी जुना नट पुसून आईच्या बऱ्या हातात दिला. तिने तो पाहिला आणि कचऱ्याच्या डब्यात टाकला.

नवी बेअरिंगे बसली. मिस्त्री नट थोडा आवळत, हाताने दांडा फिरवून पाहत, पुन्हा थोडा आवळत. माझा गळा मोकळा झाला.

मित्रांनो, तुमच्या घरात एखादे यंत्र नव्या आवाजात बोलू लागले, तर तो आवाज कितीही गोड असो, कुठून येतो ते आधी शोधा. आम्हाला दुखते ते आम्ही एवढ्याच रीतीने सांगू शकतो. आणि घरातले माणूस दमले असेल तर त्याच्या हातातला पाना काढून घ्या. काम उद्या होते.

मी बरा झाल्यावर आम्ही पुन्हा तोच डोंगर चढलो. मोठा उतार आला, पाय सुटला. मागे काही नव्हते. मी कान टवकारले, चिमणीने टवकारले, आई तर श्वास धरून बसली होती. अर्धा उतार असाच गेला.

मग आई म्हणाली, "तुझे बाबा पहिल्यांदा मला या गाडीतून घेऊन निघाले ना, तेव्हा त्यांना नीट रिव्हर्स घेता येत नव्हतं. शेजाऱ्यांची अख्खी भिंत पाडली."

"काय सांगतेस!" चिमणी म्हणाली. "मला कधी बोलले नाहीत."

"ते कसले बोलतायत! मी सांगते ना. तू हळू चालव."