चपलांशेजारची फळी

मित्रांनो, मला आसन म्हणतात ते उगाच कौतुकाने. खरं सांगायचं तर मी आगगाडीच्या भिंतीला बिजागऱ्यांनी टांगलेली एक जुनी फळी आहे. वर लाल मखमल, खाली स्प्रिंग. ओढलं की खाली येते, माणूस उठला की धाडकन भिंतीला चिकटते.

आमची गाडी रोजच्या धावपळीची नव्हती. गावातली मंडळं, कारखान्यांतली माणसं अख्खी गाडी ठरवून सहलीला जायची. डब्यात बाकं नव्हतीच. गवती चटयांची उंच बैठक, बुटकी मेजं. खाली बसायचं, खायचं, प्यायचं, गायचं. बैठकीवर चढण्याआधी दाराजवळच्या खोलगट पट्टीत पायताणं काढायची. तिथेच मला ठोकलं.

ठोकणाऱ्या सुताराचं नाव मोरोझुमी. त्याचा सोबती म्हणाला, "जरा रुंद कर की रे, माणूस बसायचाय हिच्यावर."

"गार्ड बसायचाय," मोरोझुमी म्हणाला. "बूड सुखावलं तर उठेल का तो?"

म्हणून मी अशी टोचरी.

पहिल्या वर्षी माझे फोटो निघाले. जागा न अडवणारं आसन, काय डोकं लढवलंय, असं लोक म्हणाले. पोरांनी मला इतकं आपटलं की भिंतीचा रंग उडाला. पण हौसेने कोणी बसलं नाही. गार्ड कोयासु तर पाहुण्यांसमोर कधी टेकलाच नाही, ते शोभलं नसतं. माझ्यावर बसले ते मळमळणारे, बायकोशी भांडून बाहेर आलेले, आणि गुडघे न वाकणारे. बैठकीत दारापासून सर्वांत लांबची जागा मानाची असते आणि दाराजवळची हलकी. मी तर बैठकीच्याही खाली, बुटांच्या रांगेत. माझी पायरी मला कोणी सांगायची गरज पडली नाही.

एका शरदात सुवा तळ्याकाठच्या रेशीम गिरणीतल्या म्हाताऱ्या आल्या. उभा जन्म एका रांगेत बसून कोषांचे धागे काढलेल्या मैत्रिणी. समुद्र बघायला निघाल्या होत्या. त्यांची पुढारीण मासुए. सगळ्या हसत, एकमेकींना ढकलत वर चढल्या. कियोनो नावाची एक तेवढी खाली राहिली. तिचे गुडघे गेले होते. कोयासुने मला उघडलं आणि ती बसली.

"पुढच्या महिन्यात चिबाला मुलाकडे चाललेय," ती त्याला हळूच म्हणाली. "आता परत येणं नाही. यांना अजून सांगितलं नाही. वर जाऊन, सगळ्यांच्या मधे बसून सांगेन म्हणते."

आतून मासुए ओरडली, "कियोनो-सान, अगं वर ये! पाय पसरून बस, इथे कोण सासू बसलीय?"

"नको गं. इथे वारा छान लागतोय."

"उशी देते की! ये बाई, नखरे पुरे."

"खरंच नको. तुम्ही बसा, माझी काळजी करू नका."

आमच्याकडच्या माणसांत पहिला नकार रीतीचा असतो. दुसराही रीतीचाच. लगेच हो म्हटलं तर माणूस हावरट दिसतो. तिसऱ्यांदा बोलावलं की 'एवढं म्हणताय तर' म्हणून उठायचं असतं. कियोनो उठायला लागली होती. हे मी अंदाजाने सांगत नाही. तिचा भार माझ्यावरून सुटत होता, माझी स्प्रिंग सैल होत होती. तिने एक हात दाराजवळच्या खांबावर टाकलासुद्धा होता.

तेवढ्यात जेवणाचे डबे आले.

"खेकड्याचा भात!" हात्सुए किंचाळली आणि आत एकच गलका झाला. तिसरं बोलावणं आलंच नाही. कियोनोचा भार पुन्हा माझ्यावर आला, आधीपेक्षा जास्त. तिचा डबा कोयासुने आणून दिला. तो तिने मांडीवर धरून ठेवला, उघडला नाही.

मग आत गिरणीतलं गाणं सुरू झालं. त्यात एक खालचा सूर असायचा, तो कियोनोचा. तिने बुटांकडे बघत तो लावला.

हात्सुएने विचारलं, "अगं, खालचा सूर कुठून येतोय?"

"गाडीच गातेय!" मासुए म्हणाली. सगळ्या खदखदून हसल्या.

कियोनो गायची थांबली. मला काही वाटलं नाही. फळीला वाटत नसतं.

समुद्र येईपर्यंत तिने वाकून वाकून एकेकीचे बूट बाहेरच्या दिशेने वळवून ठेवले, उतरताना सहज पाय घालता यावेत म्हणून. त्यांनी पाय घातले.

"राखण केलीस गं आमच्या बुटांची!" मासुए म्हणाली. आणि परतीच्या वेळी तिने काय करावं? माझ्यावर आपला रुमाल पसरून ठेवला. "तुझी आवडती जागा राखलीय बघ. दुसरी कोणी बसली असती."

"आभारी आहे," कियोनो म्हणाली, आणि बसली.

ती उतरायला उठली तशी मी धाडकन मिटले. निरोप असा कुणी घेतलाच नाही.

पुढच्या वर्षी मासुए निळी उशी शिवून घेऊन आली. मला खाली ओढून तिने उशी ठेवली. उशीला वजन ते किती? मी ती झिडकारून टाकली. तिने पुन्हा ठेवली, आणि हाताने दाबून धरली.

"कियोनो-सानसाठी," ती कोयासुला म्हणाली. "फोन उचलत नाही. पण सहल चुकवायची नाही ती."

कोयासुने टोपी काढून मान लववली. "त्या चिबाला गेल्या. गेल्या वर्षीच म्हणाल्या होत्या. तुमच्यात बसून सांगणार होत्या."

"आम्हाला काही बोलली नाही!" मासुएचा आवाज चढला. "मी तिला वर बोलावलं नव्हतं का? चांगलं दोनदा..."

उशी पोटाशी धरून माझ्यावर बसली. आत डबे आले, गाणं झालं, खालचा सूर नव्हता. समुद्र आला तरी ती बसूनच होती.

मित्रांनो, आता आमची गाडी एका बागेत उभी आहे. माझी स्प्रिंग गंजली, मखमल उंदरांनी नेली. मला तेल घाला, जपा, असं मी म्हणणार नाही. फळी मोडली तर दुसरी मिळते. पण दाराशी कोणी बसलं असेल, तर आत बसल्या बसल्या हाका मारू नका. त्या हाका तुमच्या समाधानासाठी असतात. उठा, खाली उतरा, त्याचा हात धरा. तुमचं जेवण गार होईल. होऊ द्या.