दहा दिवसांचं बोलावणं

डेल्विन अमेरिकेतल्या आमच्या बिस्मार्क शहराच्या संघात नऊ वर्षं बास्केटबॉल खेळला. या छोट्या लीगमध्ये इतकी वर्षं काढलेला दुसरा माणूस मी पाहिला नाही. एकतिसाव्या वर्षी त्याला मोठ्या लीगमधून दहा दिवसांचं बोलावणं आलं. त्याचा खेळ बघायला त्याची आई लुइझियानाहून दोन दिवस बसने प्रवास करून गेली.

नऊ दिवस तो बाकावरच होता. शेवटच्या दिवशी, दुपारच्या सामन्यात चाळीस सेकंद उरले असताना प्रशिक्षकाने त्याला हाक मारली. जॅकेट काढून तो कडेला जाऊन उभा राहिला. खेळ थांबल्याशिवाय आत जाता येत नाही. हारजीत ठरलेलीच होती, त्यामुळे कुणी फाउल केला नाही. चेंडू फिरत राहिला आणि सामना संपल्याचा भोंगा वाजला.

सोमवारी तो सरावाला परत आला.

"आई काय म्हणाली?" मी विचारलं.

"म्हणाली, तिथं उभा होतास तेव्हा छान दिसत होतास."

"पुढच्या वर्षी परत बोलावतील, बघ."

"बत्तीस वर्षांच्या माणसाला कोण बोलावतंय? तू तरी थापा मारू नकोस, बाबा."

मार्चमध्ये त्याने खेळ सोडला. आता तो गावी शाळेची बस चालवतो. परवा फोनवर मी विचारलं, "सामने बघतोस का रे?"

"आई लावते टीव्ही," तो म्हणाला. "तेवढा वेळ मी बाहेर गाडीत बसतो."