आबांचा जुना सायलेन्सर

आमच्या सासऱ्यांच्या पद्मिनी मोटारीला भिगवणच्या पुलावर उसाच्या ट्रॉलीनं मागं टाकलं, त्या दिवशी आमच्या घरात सुतक पाळलं गेलं. ट्रॉली एक नव्हे, दोन. दोन्ही उसानं शिगोशीग भरलेल्या, पुढं एकच ट्रॅक्टर, त्यावर मोठ्यानं गाणं लावलेलं, आणि जाता जाता ड्रायव्हरनं हात केला म्हणे. मागं पडल्याचं दुःख होतंच, पण हात केल्याचं जास्त होतं.

सासरे म्हणजे हिंदुराव, घरातले आबा. साखर कारखान्याच्या शेती खात्यातून रिटायर झाले, पण फक्त कारखान्यातून. घरात अजून ड्यूटीवर आहेत. टीव्हीचा आवाज, भाजीतलं तेल, नातीचा मोबाइल, सुनेनं दारात किती वेळ उभं राहायचं, सगळ्यावर देखरेख. बायकांनी मोठ्यानं हसलेलं तर त्यांना मुळीच खपत नाही. "हितं काय तमाशा हाय व्हय?" एवढंच म्हणतात, पण तेवढं पुरतं.

देवाची आमच्यावर कृपा एवढीच, की आबांकडे पद्मिनी होती. रोज दुपारी ते ती घेऊन भिगवणला चहाला आणि देशाचं राजकारण मार्गी लावायला जात. परत येताना गाडी कॅनॉलच्या पुलावर आली की आम्हाला घरात कळायचं. सायलेन्सरला भोकं, वर मधूनमधून फटाके. पुलापासून घरापर्यंत चढ, तो ती कण्हत कण्हत चढायची. तेवढ्या वेळात टीव्ही बंद, माझ्या मुलीच्या, श्रेयाच्या, हातात पुस्तक, माझ्या गाऊनवर ओढणी, आणि आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई जयवंताबाई, गॅसपुढं. आबा दारात पाऊल टाकायचे तेव्हा घर कसं एखाद्या सरकारी वाचनालयासारखं. "आमच्या घराला वळण हाय," असं ते पाहुण्यांना अभिमानानं सांगायचे. वळण सायलेन्सरचं होतं, हे पाहुण्यांना कोण सांगणार?

तर ट्रॉलीच्या त्या अपमानानंतर माझे यजमान रविराज म्हणाले, "आबा, इकू ही. नवी घिऊ." ते लोणी देवकरच्या कंपनीत आहेत, त्यांना जुनं काढून नवं बसवायची सवय.

"उद्या मला बी इकशील," आबा म्हणाले.

मी मनात म्हटलं, गिऱ्हाईक मिळायला हवं ना.

शेवटी ठरलं, की गाडी तीच, पण इंजिनात दम भरायचा, आणि तोही खिशाला झेपेल असा. भिगवणला बुद्धघोषचं गॅरेज आहे. आबांनी त्याला सांगितलं, ट्रॉलीच्या पुढं गेली पाहिजे. बाकी काय करायचं ते कर.

"करू की," बुद्धघोष म्हणाला. "पयली डिकी उघडा."

डिकीतून निघालं ते असं: दगड झालेला युरिया, फवारणीचा मोडका पंप, आमच्या लग्नातला मांडवाचा दोर, आणि आत्यांचा दगडी पाटा. हा पाटा चोरीला गेला म्हणून आत्यांनी गावातल्या अर्ध्या बायकांशी बोलणं सोडलं होतं. चिखलात मागची चाकं घसरू नयेत म्हणून वजनाला ठेवला होता, असं आबांनी शांतपणे सांगितलं. आत्यांनी पाटा धुऊन घरात घेतला. बोलणं पुन्हा सुरू करायला मात्र त्यांना जड गेलं.

मग बाकीचं काम झालं. हवेचा फिल्टर झटकला तर गेल्या कैक गळीत हंगामांची धूळ निघाली. तो फेकून नवा घातला. कार्बोरेटर खोलून धुतला. प्लग बदलले, टॅपेट जुळवले, पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं. शेवटी भोकांचा सायलेन्सर उतरवून रुंद पाइपाचा नवा लावला. इंजिन तेच, पण आता त्याला श्वास घेता येत होता. आबांनी भिगवणच्या पुलावर एक ट्रॉली मागं टाकली, पुढं जाऊन गाडी बाजूला घेतली, आणि ट्रॉलीवाल्याला आपण दिसावं म्हणून काच खाली करून वाट पाहत बसले. त्यानं गाण्याच्या नादात बघितलंच नाही. तरी आबा खूश होते.

या सगळ्यात गाडीचा आवाज गेला, हे आमच्या कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

त्या संध्याकाळी आत्या आबांच्या खुर्चीत बसल्या होत्या. डोक्यावर आबांची जुनी टोपी, नाकाच्या शेंड्यावर चष्मा, हातात स्टिअरिंग म्हणून ताट. हा आमचा नेहमीचा खेळ. आत्यांना सगळ्या गावाच्या नकला येतात, पण आबांची नक्कल म्हणजे खरं सोनं. श्रेया ट्रॅक्टर झाली होती, गाण्यासकट.

"आरं ए, सरक की बाजूला!" आत्या ताट फिरवत ओरडल्या. "कारखान्याचा मानूस हाय मी! वळाकलं न्हाईस व्हय?"

मी हसून हसून जमिनीवर लोळत होते. आत्या स्वतः इतक्या हसत होत्या, की डोळ्यांतून पाणी येत होतं. आणि मग त्या एकदम थांबल्या.

दारात आबा उभे होते, हातात किल्ली.

आता तमाशा निघणार म्हणून मी ओढणी शोधायला लागले. पण आबा माझ्याकडं बघतच नव्हते. ते आत्यांकडं बघत होते. आत्यांनी टोपी काढून खुंटीला लावली.

"च्या टाकते," त्या म्हणाल्या.

"टाक," आबा म्हणाले. तेवढंच.

नंतर भांडी घासताना आत्या मला म्हणाल्या, "लगीन झाल्यापास्नं मला अशी हसताना त्यांनी बघितलंच न्हाय गं." मला त्या माणसाची पहिल्यांदाच कीव आली. कीव आली म्हणून मग रागही आला, कारण दोष काही आमचा नव्हता.

त्यानंतर आबा कुणाला काही बोलेनात. तेल जास्त पडलं तरी बोलेनात. घर खरोखरच वळणाचं झालं, आणि ते आम्हाला कुणालाच सोसेना. नक्कल बंद, टोपी खुंटीला. मग एक दिवस पुन्हा कॅनॉलच्या पुलावरून फटाके ऐकू आले. बुद्धघोषचा यांना फोन आला होता, "रविदादा, आबांनी भंगारात टाकल्याला सायलेन्सर हुडकून परत लावाय लावला. नवा काय वाईट हाय का?" आबांना विचारलं तर म्हणाले, नव्यानं ॲव्हरेज पडत नाही.

मला यात एक गोष्ट खटकली. सायलेन्सर जुना असला तरी बाकीचं इंजिन दुरुस्त होतं. पुलापासूनचा चढ ती गाडी आता झटक्यात चढायला हवी होती. पण फटाके वाजले की पुढं आबा यायला आधीपेक्षाही जास्त वेळ लागायचा. पाखडलेले गहू वाळत घालायच्या निमित्तानं मी गच्चीवर गेले आणि पाहिलं. गाडी पुलावर उभी होती. इंजिन चालू. आबा आत बसून घराकडं बघत होते. मधूनच ॲक्सिलरेटर दाबायचे, फटाका वाजायचा, आणि पुन्हा बसून राहायचे.

आम्हाला आवरायला वेळ मिळावा म्हणून.

मी खाली येऊन आत्यांना सांगितलं. त्या परातीतलं पीठ मळत होत्या, मळतच राहिल्या. मग म्हणाल्या, "येडा मानूस."

दुसऱ्या दिवशी फटाके वाजले. श्रेया रिमोटकडं धावली.

"ऱ्हाऊ दे," आत्या म्हणाल्या. त्यांनी खुंटीवरची टोपी घेतली, चष्मा लावला, हातात ताट घेतलं आणि खुर्चीत जाऊन बसल्या. पुलावर गाडी वाजत राहिली. आम्ही वाट बघत राहिलो.

शेवटी आबा दारात आले.

"कुठं व्हता इतका येळ?" आत्या आबांच्याच आवाजात गरजल्या. "घर हाय का धर्मशाळा?"

आबांनी खुर्चीकडं बघितलं. ती भरलेली होती. त्यांनी भिंतीकडचा पाट ओढला आणि गुडघे धरत खाली बसले. बराच वेळ किल्लीशी चाळा करत राहिले.

"त्या दिवशी," ते खाली बघत म्हणाले, "ट्रॉलीवाल्यानं हात केल्याला. त्ये दावलंच न्हाईस तू."

आत्यांनी ताट मांडीवर ठेवलं आणि हात केला, मोठ्या ऐटीत, मनगट हलवत. आबांच्या घशातून आधी नुसताच आवाज निघाला, खोकल्यासारखा. मग ते हसले. असे हसतात हे मलाही माहीत नव्हतं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की माझी ओढणी दोरीवरच आहे. मी ती तिथंच राहू दिली.